बाड नको, चार पानं पाठवा

ललितेतर पुस्तकांची जी बाडं प्रकाशकाकडे येतात, त्यांत सर्वांत जास्त आढळणारं शीर्षक कोणतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन : ‘माझा जीवनप्रवास’. पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेत बाडं वाचून अभिप्राय देणं हे माझं काम. काही टपालाने येतात. काही मंडळी अप्पा बळवंत चौकात खरेदीला आली की जिना चढून स्वतःच आणून देतात. सोबतच्या पत्राची चालही ठरलेली : ‘सर्वांनी फार आग्रह केला म्हणून लिहिलं.’ आग्रह करणारे बहुधा नातेवाईक असतात आणि नातेवाइकांना पुस्तक भेट द्यावं लागतं, हे प्रकाशकाला पक्कं ठाऊक असतं.

एका निवृत्त एसटी कंडक्टरांचं बाड असंच आलं होतं. जन्मापासून नातवाच्या बारशापर्यंत सगळं त्यात होतं. चाळता चाळता मधल्या एका प्रकरणाशी मी थांबले. त्यात मुक्कामी गाडीवरच्या रात्री होत्या. शेवटच्या गावी गाडी लावायची, कंदिलाच्या उजेडात तिकिटांचा हिशेब जुळवायचा, पैशांची पिशवी उशाशी घेऊन देवळात पथारी टाकायची. पहाटेच्या फेरीला दुधाच्या किटल्या, तालुक्याच्या शाळेत जाणारी पोरं आणि रात्रीतून दुखणं वाढलेला एखादा म्हातारा. मी फोन केला, “काका, तुमच्या आयुष्याचं राहू द्या, मुक्कामी गाडीचं पुस्तक करा.” काका चांगलेच रागावले. पुढे मात्र जुन्या सहकाऱ्यांना गाठून, त्या गावांत पुन्हा जाऊन त्यांनी चार पानांचा प्रस्ताव पाठवला. त्याचा आशय असा : एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, हे सगळेच सांगतात, पण शेवटच्या थांब्यावरच्या गावाचं गाडी आल्यावर काय काय बदललं, ते मला सांगायचं आहे. आमच्या बैठकीत त्या चार पानांवर तासभर चर्चा झाली. अख्ख्या बाडावर ती झाली नसती.

कथा-कादंबरी पूर्ण वाचल्याशिवाय तिच्याबद्दल काही ठरवता येत नाही. ललितेतर पुस्तकाचं तसं नाही. विषय, तो मांडण्याची रीत आणि लेखकाचा त्यातला अधिकार एवढं कळलं, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. म्हणून प्रस्तावात पुस्तकाचा गाभा पाच-सहा ओळींत सांगा. मग प्रकरणवार आराखडा, या विषयावर मराठीत आधी काय आलं आहे आणि तुमचं त्याहून वेगळं काय, हे लिहा. ‘आबालवृद्धांना आवडेल’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. वाचक नेमका कोण ते सांगा. सोबत एक नमुना प्रकरण जोडा, तेही मनोगत नव्हे, पुस्तकातलं सर्वांत सकस. फाइल युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर आमच्या संगणकावर उघडला की निव्वळ चिन्हांचा चिवडा होतो.

अंदाजे शब्दसंख्याही कळवा, कारण प्रकाशकाचं गणित तिथून सुरू होतं. डेमी आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात. साठ हजार शब्द म्हणजे दोनशे पानं, शीर्षक-अनुक्रमणिका वगैरे धरून दोनशेआठ, म्हणजेच सोळापानी तेरा फॉर्म. शब्द लाखावर गेले की किंमत चढते आणि नवख्या लेखकाचं पुस्तक हातात घेऊन गिऱ्हाईक परत ठेवून देतं.

‘आमचं नाव नाही, मग आम्हांला कोण छापणार?’ असं अनेक जण विचारतात. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली राजहंसने काढलं. लेखिकेचं ते पहिलंच पुस्तक, विषय एका अमेरिकी कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाचा. आज ते घराघरांत आहे. नाव नंतर झालं, आधी विषय भिडला.

तरीही नाव डोळ्यांखालून जाण्याचा एक जुना मराठी रस्ता आहे, तो म्हणजे नियतकालिकं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तक होण्याआधी ‘संजीवनी’तून क्रमशः येत होती. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ती परंपराही हाताशी आहे. पुस्तकातलं एखादं प्रकरण लेख म्हणून दिवाळी अंकाला किंवा साप्ताहिकाला द्या. संपादक मंडळी दिवाळी अंक चाळतात ती केवळ हौस म्हणून नाही.

प्रकाशकही पारखून घ्या. त्यांची ग्रंथसूची मागवा. जिथे पाककृती आणि स्पर्धा परीक्षांचीच पुस्तकं निघतात, तिथे दुर्गांवरचं संशोधन पाठवून उपयोग नाही. कुणी छपाईचा खर्च मागितला तर किती प्रती, वितरण कोण करणार आणि उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी घ्या. करारात मुदत लिहिलेली आहे ना, तेही बघा. ती नसेल तर १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार दिलेल्या हक्कांची मुदत पाच वर्षं धरली जाते. जुनी छायाचित्रं आणि पत्रं वापरणार असाल तर परवानग्या आधीच मिळवा. त्या नाहीत म्हणून अडकलेली पुस्तकं मी पाहिली आहेत.

तेव्हा बाड सध्या कपाटातच राहू द्या आणि ती चार पानं लिहायला बसा. ती जमत नसतील, तर पुस्तक अजून जमलेलं नाही असं खुशाल समजा.