तुकड्यातुकड्यांची नोकरी आणि दहा वर्षांची अट
उतारवयाची तरतूद : भाग ६

नांदेडच्या सिडको भागात राहणारे आमच्या ओळखीचे एक काका गेल्या रविवारी घरी आले. हातात कापडाच्या दुकानाची कॅरीबॅग, आणि तिच्यात आयुष्यभराच्या नोकरीचे कागद: सूतगिरणीचं कडा झिजलेलं ओळखपत्र, दोन ठेकेदारांच्या पगारपावत्या, बँकेची तीन पासबुकं. पासबुकात पीएफचे पैसे जमा झाल्याच्या दोन नोंदींभोवती कोणीतरी निळ्या पेनानं गोल केला होता. वय ५९. पहिली नोकरी सव्वाचार वर्षांची. गिरणी बंद पडली. मग एका ठेकेदाराकडे पाच वर्षं दोन महिने, त्यानंतर दुसऱ्याकडे तीन वर्षं आठ महिने. एकूण तेरा वर्षं एक महिना. आणि पेन्शन शून्य.

पहिल्या वेळचे पैसे थोरल्या मुलीच्या लग्नात गेले. दुसऱ्या वेळचे धाकट्याच्या लातूरच्या क्लासची फी आणि खोलीभाडं यांत. "चुकलं म्हणावं तर काय चुकलं, सर? पोरीचं लगीन काय थांबवायचं होतं का?" काका म्हणाले. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पर हे पैसे न काढताबी ठेवता येतेत, हे मला कुणी सांगितलंच नाही."

हा सगळा भाग त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितो आहे.

नांदेड-लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांत एकाच जागी तीस वर्षं नोकरी केलेला माणूस सरकारी कचेरीत, बँकेत, एसटीत किंवा अनुदानित शाळेत सापडतो. बाकीच्यांची नोकरी तुकड्यातुकड्यांची. निजामाच्या काळात उभी राहिलेली नांदेडची उस्मानशाही मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद झाली. लोहा तालुक्यातल्या कलंबरच्या साखर कारखान्याची चिमणीही थंडावली. एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्र तेच, जागा तीच, पण दर दोन-चार वर्षांनी ठेकेदार बदलतो आणि कामगाराचा पीएफ क्रमांकही बदलतो. कायद्याला मात्र पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा हवी असते. ही दहा वर्षं सलग असावी लागत नाहीत. चार इथली, तीन तिथली, तीन आणखी कुठली, अशी जोडून चालतात. अट एवढीच, की मधल्या काळात पेन्शनचे पैसे काढलेले नसावेत.

आता हे पैसे कुठले, ते नीट समजून घेऊ. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफच्या खात्यात जातात. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या वेगळ्या निधीत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के तुमच्या पीएफमध्ये. ही कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. पीएफच्या पासबुकात तिचा रकाना वेगळा दिसतो, त्यावर व्याज चढत नाही, म्हणून ती रक्कम किरकोळ वाटते. ते तुमच्या नावावर साठलेलं धन नसतं, सेवेच्या वर्षांची ती नोंद असते. वर्षं वाढली की पेन्शन वाढते.

घात होतो तो अर्ज भरताना. नोकरी सुटली की माणूस जवळच्या ऑनलाइन सेंटरवर जातो. तिथला पोरगा विचारतो, "एकोणीस आणि दहा-सी, दोन्ही टाकू का?" आपण म्हणतो, टाक बाबा, जेवढे निघतील तेवढे काढ. फॉर्म १९ पीएफचे पैसे काढण्याचा. फॉर्म १०-सी पेन्शनचा. याच १०-सीमध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेनं पैसे हातात येतात आणि तेवढी सेवा कायमची पुसली जाते. दुसऱ्या वाटेनं योजना प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे तुमची इतकी वर्षं जमा आहेत असा लेखी पुरावा, जो पुढच्या नोकरीत जोडता येतो. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, तोच ठेवून जुनं खातं नव्या खात्यात वर्ग केलं तरी सेवा जोडली जाते. फॉर्मवरच्या एका खुणेचा हा फरक आहे आणि सेंटरवर तो समजावून सांगायला कोणाकडेही वेळ नसतो.

त्या खुणेची किंमत पाहा. पाच वर्षांची सेवा मोडली तर साधारण पाच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम हातात येते. काकांना दोन्ही वेळा मिळून साठ-सत्तर हजारांच्या आसपास मिळाले असतील. सेवा राखली असती तर? पेन्शनचं सूत्र सोपं आहे: शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. काकांची सरासरी १०,५०० धरली तर एका वर्षाच्या सेवेमागे महिन्याला १५० रुपये पडतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला पगाराची मर्यादा ६,५०० ची होती, म्हणून गिरणीतल्या वर्षांमागे ९३ च्या आसपासच. सगळं मिळून महिन्याला सतराशेच्या जवळपास बसतं, तेही तहहयात. त्यांच्या माघारी काकूंना निम्मी, पण हजारापेक्षा कमी नाही. चार वर्षांत ते साठ-सत्तर हजार भरून निघाले असते.

सतराशेत काय होतं, असं कोणी म्हणेल. खरं आहे, घर चालत नाही. पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या येतात, किराण्याची उधारी थोडी फिटते, आणि मुलापुढे दर महिन्याला हात पसरावा लागत नाही. साठीनंतर या शेवटच्या गोष्टीचं मोल पैशात सांगता येत नाही.

साखर कारखान्यांतल्या हंगामी कामगारांसाठी इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण ती मी फार थोड्या जणांच्या तोंडून ऐकली. लातूरकडे मांजरा, रेणा, विकास, नांदेडकडे भाऊराव चव्हाण, असे कारखाने आणि त्यांतले गाळपापुरते बोलावले जाणारे कितीतरी हात. कारखाना चार-पाच महिने चालतो, म्हणून आपली सेवा वर्षाला चार-पाच महिनेच मोजली जाते, अशी या मंडळींची समजूत असते. ती चूक आहे. हंगामी आस्थापनेतली सेवा वर्षभरापेक्षा कमी असली तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरलं जातं. म्हणजे दहा हंगाम, दहा वर्षं. आठ हंगाम करून 'आपलं काय जमत नाही' म्हणत १०-सी भरणाऱ्यानं दोन हंगामांसाठी आयुष्यभराची पेन्शन सोडलेली असते.

इतरांसाठीही दिलासा आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षं झाली की दहा झाली. वीस वर्षं पुरी केली तर आणखी दोन वर्षं बोनस म्हणून जोडली जातात. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी तितके दर वर्षाला ४ टक्के कापले जातात. अठ्ठावन्नला न घेता साठीपर्यंत थांबलं तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ज्याच्या अंगात अजून काम करायचं बळ आहे आणि ज्याला काम मिळतं आहे, त्यानं थांबावं, असं माझं मत आहे.

ही सगळी चर्चा मुळात पीएफ लागू असलेल्यांची. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला तो सहसा लागू होत नाही. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानांत बसणारा मुनीम, छोट्या डाळमिलवरचा माणूस, घरकाम करणाऱ्या बाया, आणि कंधार-मुखेड-जळकोटकडून दर वर्षी कोयता घेऊन निघणारी जोडपी यांतून बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी २०१९ साली आलेली श्रमयोगी मानधन योजना आहे. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये, आणि तुम्ही भराल तेवढेच सरकार भरतं. पण तिच्यात शिरायचं वय १८ ते ४०. ज्यांचं वय गेलं त्यांना तिचा उपयोग नाही, म्हणून घरातल्या पंचविशी-तिशीतल्या पोरांना सांगा.

वय गेलेल्यांसाठी उरते ती श्रावणबाळ योजना. पासष्ट पूर्ण झालेल्यांना महिन्याला १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. आता वरचं सूत्र पुन्हा लावून पाहा. १०,५०० पगारावर दहा वर्षं वर्गणी भरलेल्या कामगाराची पेन्शनही १,५०० च येते. आणि कोणाला पेन्शन १,८०० मिळत असेल तर वर्षाचे २१,६०० होतात, म्हणजे तो श्रावणबाळच्या मर्यादेबाहेर गेला. अठ्ठावन्नला काम सुटतं, श्रावणबाळ पासष्टला मिळते. मधली सात वर्षं पेन्शन नसलेल्या माणसानं काय खायचं, याचं उत्तर कोणत्याच योजनेत नाही. साठीचा माणूस रात्रपाळीचा वॉचमन म्हणून गेटवर बसलेला दिसतो तो याच सात वर्षांतला.

पेन्शन योजनेतला सर्वात मोठा अन्यायही इथेच सांगायला हवा. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि ती तिथेच राहिली. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. २०१४ चे हजार रुपये आणि आजचे हजार रुपये एक नाहीत, हे गोडेतेलाचा डबा आणणाऱ्या कोणालाही कळतं. याविरुद्धच्या देशभरच्या लढ्याचं केंद्र आपल्या शेजारी, बुलढाण्यात आहे. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय संघर्ष समितीनं तिथे डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. मागणी आहे ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याची. सत्तरीतली माणसं रेल्वेच्या साध्या डब्यातून दिल्लीपर्यंत जाऊन रस्त्यावर बसली. ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. ज्यांनी वर्गणी भरली त्यांना निराधारांच्या मदतीपेक्षाही कमी रक्कम द्यावी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

काकांचं पुढे काय? शेवटच्या तीन वर्षं आठ महिन्यांचे पैसे त्यांना काढता येतील, पेन्शन मात्र होणार नाही. मागे मोडलेली सेवा परत जोडता येत नाही. ते कागद पुन्हा कॅरीबॅगेत नीट लावत होते तेव्हा मी त्यांना मुलाबद्दल विचारलं. तो आता पुण्याला चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे आहे. वय २८, तीन वर्षांत दोन ठेकेदार झाले. "त्यानं मागच्या वेळी पैसे काढले का?" मी विचारलं. काकांनी तिथल्या तिथे फोन लावला. पीएफचे काढले होते. १०-सी भरायचा राहून गेला होता.

तुमच्या घरातही असा कोणी असेल तर आज त्याला फोन करा. यूएएन एकच आहे का, जुनी खाती जोडली आहेत का, वारस म्हणून बायकोचं नाव आहे का, एवढं त्याला पाहायला सांगा. सेवा साडेनऊ वर्षांच्या अलीकडे असेल तर कितीही नड असली तरी १०-सीमध्ये पैशांची वाट धरू नका, योजना प्रमाणपत्र मागा. पुढच्या आठवड्यात श्रावणबाळच्या अर्जाचे कागद, तहसीलमधली प्रक्रिया आणि हयातीच्या दाखल्यावेळी अंगठ्याचा ठसा उमटत नसेल तर काय करायचं, ते पाहू.