फ्लॉपी गेली, वही राहिली!

चिखलीतील आमच्या मंडळाच्या पोरांनी 2003 साली वस्तीची घरोघर पाहणी केली होती. कोण कुठल्या जिल्ह्यातून आला, कंपनीत कायम की कंत्राटी, मुले कितवीत, जातीचा दाखला आहे की नाही, सारे विचारले. एका कार्यकर्त्याने रात्री जागून ते संगणकावर चढवले, फ्लॉपीत ठेवले. काही वर्षांनी एका प्रकरणात ती माहिती लागली. फ्लॉपी सापडली, पण ती वाचणारे यंत्र सापडेना. शेवटी भंगारातून यंत्र मिळवले, तर फ्लॉपीच खराब! कामाला आली ती विहारातल्या पत्र्याच्या पेटीतली दोनशे पानी वही.

वस्तीचे हे असे, मग देशाचे काय?

संख्येचे मोल बाबासाहेबांइतके कोणी ओळखले? 1932 साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती यावरच वाद पेटला होता. संख्याच नाकारली की हक्क आपोआप नाकारता येतो. म्हणून बाबासाहेब जनगणनेचे आकडे घेऊन लढले.

1931 च्या जनगणनेतील जातींचे आकडे कागदावर छापलेले होते. मंडल आयोगाने 1980 च्या अहवालात त्यांचाच आधार घेतला. उलट 2011 ची सामाजिक-आर्थिक व जात पाहणी यंत्रावर झाली. तिचे जातनिहाय आकडे ओबीसी आरक्षणासाठी महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात मागितले. केंद्राने 2021 मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितले, नोंदींत 46 लाखांहून अधिक जाती-पोटजाती-आडनावे निघाली, आकडे वापरण्याजोगे नाहीत. 1931 मध्ये हीच संख्या 4,147 होती. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. कोट्यवधी लोकांनी दिलेली माहिती लोकांच्या कामी आलीच नाही!

माहिती संगणकात घातली म्हणजे जपली, हा भ्रम आहे. ब्रिटनमध्ये 1086 सालचे डूम्सडे बुक आजही वाचता येते; पण त्याच्या नऊशे वर्षांनिमित्त 1986 साली बीबीसीने केलेल्या तबकड्या पंधरा-वीस वर्षांतच वाचता येईनाशा झाल्या. म्हणून मिशिगन विद्यापीठात 1962 पासून आणि एसेक्स विद्यापीठात 1967 पासून समाजशास्त्रीय माहितीची स्वतंत्र संग्रहालये आहेत. तिथे प्रत्येक फाईलच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. जुने स्वरूप बाद होण्याआधी नव्यात उतरवतात. ‘1 म्हणजे कायम, 2 म्हणजे कंत्राटी’ अशी संकेतसूचीही जपतात. ती हरवली तर आकडे मुके होतात. आणि फाईलचा गणिती ठसा, म्हणजे हॅश, पुन्हा पुन्हा तपासतात. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. आम्हा वकिलांना हे नवे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रातही हॅश द्यावा लागतो. न्यायालयात एका चित्रफितीला जो नियम, तो कोट्यवधींच्या नोंदींना का नको?

आता जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्राने 30 एप्रिल 2025 रोजी घेतला. 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस असलेली ही जनगणना मोबाइल अ‍ॅपवर घेण्याचे ठरले. व्यक्तीची नोंद गुप्त राहिलीच पाहिजे. 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 तेच सांगते. पण नावे वगळलेली माहिती, संकेतसूची आणि हॅश यांसह, एकाच खात्याच्या ताब्यात न राहता अनेक विद्यापीठांत कायम जपली जावी, ही मागणी आपण आजच केली पाहिजे. आकडे गैरसोयीचे निघाले म्हणून उद्या कोणी ‘फाईल उघडत नाही’ म्हणाले, तर काय करणार?

आणि बांधवांनो, शासनाकडे बोट दाखवताना आपली पेटीही उघडा. आजोबांचा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा शाळेचा दाखला, धम्मदीक्षेची नोंद, वस्तीची पाहणी यांच्या दोन प्रती संगणकात, दोन वेगळ्या घरांत ठेवा. दर पाच वर्षांनी उघडून पाहा. मूळ कागद मात्र टाकू नका. पुरावा हरवलेला माणूस न्यायालयात खरा असूनही हरतो, हे मी रोज पाहतो.

जयभीम!