रंग ओळखणारे यंत्र

कृष्णधवल फोटो रंगवण्याचे काम पूर्वी कुशल हात करत, एकेक फोटो घेऊन, कुंचल्याने. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या रिचर्ड झँग, फिलिप आयसोला आणि अलेक्सेई एफ्रोस या संशोधकांनी ते न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय यंत्रावर, सोपवले.

त्यांनी 'लॅब' ही रंगपद्धती वापरली. तिच्यात प्रत्येक बिंदूचे तीन आकडे असतात. पहिला उजेडाचा, दुसरा हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा, तिसरा निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा. कृष्णधवल फोटोत पहिलाच आकडा असतो. उरलेले दोन यंत्राने ओळखायचे. शिकवणीला वेगळा मास्तर लागत नाही. रंगीत फोटोतला रंग काढला की प्रश्न तयार होतो, काढलेला रंग हेच उत्तर. अशा दहा लाखांहून अधिक चित्रांवर हे यंत्र शिकले.

गवत हिरवे, हे त्याला लवकर कळते. पण साडी लाल की निळी? चूक कमी व्हावी म्हणून यंत्र सर्व शक्यतांची सरासरी काढू लागले, की मळकट करडा रंग हाती येतो. म्हणून संशोधकांनी रंगांचे ३१३ कप्पे पाडले आणि कोणत्या कप्प्याची शक्यता किती, हे यंत्राला सांगायला लावले. फोटोंत ढग, माती, भिंती यांचे फिके रंगच फार असतात, म्हणून क्वचित दिसणाऱ्या भडक रंगांना शिकवणीत जास्त वजन दिले. चित्रे खुलली. खरा आणि यंत्राने रंगवलेला फोटो शेजारी ठेवून खोटा ओळखायला सांगितले, तेव्हा ३२ टक्के वेळा लोक फसले. फरक मुळीच कळला नसता, तर हा आकडा ५० टक्के आला असता.

मात्र पटणारा रंग खरा असतोच असे नाही. या यंत्राने तोंड मिटलेल्या कुत्र्यांच्या हनुवटीखालीही गुलाबी छटा भरली, कारण शिकवणीतल्या पुष्कळ कुत्र्यांची जीभ बाहेर होती. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल रंग जाणवतच नसे, त्यामुळे तिच्यावर लाल कुंकूही काळे उमटे. तो लाल रंग यंत्राने कशावरून ओळखायचा?

घरचे जुने फोटो हौसेने जरूर रंगवा. आजोबांचा चेहरा नातवंडांना जवळचा वाटेल, हा लाभ मोठा आहे. पण मूळ प्रत जपा आणि रंगवलेल्या प्रतीवर 'रंग संगणकाने भरले' असे स्पष्ट लिहा. पुढच्या पिढीला पुरावा आणि अंदाज वेगळे ओळखता आले पाहिजेत.