निकालाआधी बोलणारा न्यायमित्र

बीडनजीकच्या पालीसारख्या गावातील स्त्री अत्याचाराची फिर्याद घेऊन सत्र न्यायालयात उभी राहते, तेव्हा तिच्या मौनाचा अर्थ न्यायासनास कोणी सांगावा? देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या प्रकरणात, आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमतीच असावी, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांस निर्दोष ठरविले. भयाने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आदी चौघा विधिप्राध्यापकांना १९७९ मध्ये अनावृत पत्राने सांगावे लागले. १९८३ साली कायदा सुधारला. तिचा निकाल मात्र फिरला नाही. यास्तव कोणत्याही पक्षाचा नसलेला न्यायमित्र सत्र न्यायालयानेच नेमावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आरोपीच्या हक्कांचीही त्याने तितकीच चाड बाळगावी.