लाइफ ऑफ पाय

लाइफ ऑफ पाय : यान मार्टेल (२५ जून १९६३–    ) ह्या कॅनडियन लेखकाची इंग्रजी कादंबरी (२००१) आणि तिच्यावर आधारलेला अँग ली (२३ ऑक्टोबर १९५४–    ) ह्या तैवानी दिग्दर्शकाचा त्याच नावाचा त्रिमितीय चित्रपट (२०१२). जहाज बुडाल्यानंतर जीवरक्षक नौकेत एका वाघासमवेत २२७ दिवस काढणाऱ्या भारतीय मुलाची ही कथा आहे. तथापि समुद्रावरील जीवितरक्षण एवढाच तिचा विषय नाही. निर्णायक पुरावा नसताना माणूस कशाच्या आधारे विश्वास ठेवतो, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. कादंबरी हा प्रश्न शब्दांतून मांडते. चित्रपटाला तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांतून मांडावा लागतो. शब्दांत संदिग्ध राहू शकणारी घटना पडद्यावर दिसताच खरी वाटू लागते. साहित्यकृतीच्या माध्यमांतरातील ही मूलभूत अडचण ह्या उदाहरणात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

कादंबरी : शंभर लहानमोठ्या प्रकरणांच्या ह्या कादंबरीचे तीन भाग असून ते अनुक्रमे पाँडिचेरी (आताचे पुदुच्चेरी) व टोराँटो, पॅसिफिक महासागर आणि मेक्सिकोतील एक रुग्णालय येथे घडतात. पिसीन मोलिटर पटेल हा पाँडिचेरीतील प्राणिसंग्रहालय चालविणाऱ्या गृहस्थाचा धाकटा मुलगा. त्याचे नाव पॅरिसमधील एका जलतरण तलावावरून ठेवलेले आहे. शाळेतील चेष्टेला कंटाळून तो ते ‘पाय’ असे संक्षिप्त करतो. जन्माने हिंदू असलेला हा मुलगा पुढे ख्रिस्ती व इस्लाम हे धर्मही आपलेसे करतो. त्यांपैकी एक निवडण्याची गरज त्याला वाटत नाही. आणीबाणीच्या काळात देश सोडण्याचा निर्णय वडील घेतात. १९७७ मध्ये हे कुटुंब काही प्राण्यांसह जपानी मालवाहू जहाजाने कॅनडाला निघते. जहाज बुडते आणि सोळा वर्षांचा पाय एका नौकेत वाचतो. नौकेत पाय मोडलेला झेब्रा, तरस, ओरँगउटान मादी व सुमारे २०० किग्रॅ. वजनाचा वाघ असतो. अखेर पाय आणि वाघ एवढेच उरतात. वाघाच्या भीतीने पाय सावध राहतो व त्याला खाऊ घालण्याच्या कामामुळे तग धरतो. मेक्सिकोच्या किनाऱ्यास लागल्यावर वाघ मागे वळूनही न पाहता जंगलात निघून जातो.

जपानच्या परिवहन मंत्रालयाच्या वतीने चौकशीस आलेल्या दोन जपानी अधिकाऱ्यांना ही हकीकत पटत नाही. तेव्हा पाय त्यांना दुसरी, प्राण्यांविना घडणारी हकीकत सांगतो. तीत नौकेवर एक जखमी खलाशी, जहाजाचा आचारी, पायची आई आणि स्वतः पाय असतात. आचारी खलाशाला व आईला मारतो, नरमांस खातो आणि शेवटी पाय त्याला मारतो. झेब्रा म्हणजे खलाशी, तरस म्हणजे आचारी, ओरँगउटान म्हणजे आई आणि वाघ म्हणजे पाय, हे साम्य अधिकाऱ्यांच्या ध्यानात येते. जहाज का बुडाले ह्याचा उलगडा दोहोंपैकी एकाही हकीकतीने होत नाही. त्यामुळे कोणती हकीकत अधिक चांगली, एवढेच पाय विचारतो. अधिकारी प्राण्यांची कथा पसंत करतात. ईश्वराच्या बाबतीतही असेच आहे, असे पाय सुचवितो.

कादंबरीतील काही तपशील सहेतुक योजिलेले आहेत. वाघाचे ‘रिचर्ड पार्कर’ हे नाव कथेत कारकुनी चुकीने पडलेले असले, तरी त्याला सागरी इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १८८४ मध्ये ‘मिन्योनेट’ ही ब्रिटिश नौका बुडाल्यानंतर उपासमारीने ग्रस्त झालेल्या सोबत्यांनी ह्याच नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला मारून खाल्ले होते. प्राणरक्षणाची निकड हे खुनाचे समर्थन होऊ शकत नाही, असा निर्णय त्या खटल्यात इंग्लंडमधील न्यायालयाने दिला. एडगर ॲलन पो ह्याच्या १८३८ मधील कादंबरीतही ह्याच नावाचे पात्र नरमांसभक्षणाला बळी पडते. म्हणजे दुसऱ्या हकीकतीची भीषणता वाघाच्या नावातच दडलेली आहे. जहाजाचे ‘त्सिमत्सुम’ हे नाव यहुदी गूढवादातील आहे. सृष्टीला जागा मिळावी म्हणून ईश्वराने स्वतःचा केलेला संकोच असा त्याचा अर्थ आहे. २२७ ह्या संख्येतील अंक २२/७ ह्या पायच्या परिचित आसन्न मूल्याचे स्मरण करून देतात. वन्य श्वापदासह नौकेत अडकलेल्या माणसाची कल्पना मुआसिर स्क्लियार ह्या ब्राझीलियन लेखकाच्या १९८१ मधील लघुकादंबरीत आधी येऊन गेली होती. मार्टेलने प्रस्तावनेत त्याचे ऋण मान्य केले आहे. तरीही २००२ मध्ये कादंबरीला मॅन बुकर पारितोषिक मिळाल्यानंतर त्यावरून वाद झाला.

चित्रपटाची पूर्वतयारी : ही कादंबरी पडद्यावर आणणे जवळजवळ अशक्य आहे, असे मानले जात होते. मुख्य पात्र एकटे, सोबतीला वाघ, पार्श्वभूमीस पाणी आणि कथेचा बराच भाग मनातील चिंतनाचा, ही त्याची कारणे होत. एम्. नाइट श्यामलन, आल्फोन्सो क्वारोन व झाँ-प्येर झने हे दिग्दर्शक वेगवेगळ्या वेळी ह्या प्रकल्पाशी संबंधित होते. अखेरीस तो अँग ली ह्याच्याकडे आला. डेव्हिड मगी ह्याने पटकथा लिहिली. पायच्या भूमिकेसाठी सुमारे तीन हजार मुलांमधून दिल्लीचा सूरज शर्मा निवडला गेला. त्याला अभिनयाचा अनुभव नव्हता आणि पोहताही येत नव्हते. प्रौढ पायची भूमिका इरफान खान (१९६७–२०२०) ह्याने, तर आईवडिलांच्या भूमिका तब्बू व आदिल हुसेन ह्यांनी केल्या. १९८२ मध्ये अटलांटिक महासागरात ७६ दिवस तराफ्यावर तग धरलेला अमेरिकन नाविक स्टीव्हन कॅलहन हा सल्लागार होता. नौकेतील अवजारे, मासे धरण्याची साधने आणि उपासमारीने शरीरावर होणारे परिणाम ह्यांत जी वास्तवता जाणवते, तिच्यामागे त्याचा अनुभव आहे.

पटकथेतील बदल : कादंबरीतील प्राणिसंग्रहालयविषयक विवेचन आणि तीन धर्मगुरूंमधील विनोदी वाद पटकथेत गाळले आहेत. पायने कासवे मारून त्यांचे रक्त पिणे व अंध अवस्थेत दुसऱ्या अंध नौकारोह्याची भेट होणे हे उग्र प्रसंगही त्यात नाहीत. आनंदी ही नृत्य शिकणारी मुलगी नव्याने आली आहे. वन्य पशू मित्र नसतो हे मुलांना शिकविण्यासाठी वडील वाघासमोर बकरी सोडतात. कादंबरीत हा वाघ वेगळा आहे. चित्रपटात तो रिचर्ड पार्करच आहे. त्यामुळे पुढे नौकेत तोच वाघ दिसताच वेगळ्या स्पष्टीकरणाविना प्रेक्षकाला भय जाणवते. जहाजावरील उद्धट आचारी आणि सौम्य बौद्ध खलाशी हेही आधीच्या एका प्रसंगात दाखविलेले असल्याने दुसऱ्या हकीकतीची पूर्वतयारी नकळत होते. बालपणी पाय चित्रकथेत कृष्णाच्या मुखातील विश्व पाहतो. पुढे समुद्राच्या तळाकडे पाहताना त्याला दिसणारी दृश्ये व दुरून निजलेल्या विष्णूसारखे भासणारे मांसभक्षक बेट ही त्याच प्रतिमेची विस्तारित रूपे होत.

समुद्र आणि वाघ : पाँडिचेरी व मुन्नार येथील भाग प्रत्यक्ष स्थळी चित्रित झाला. सागरी भागासाठी तैवानमधील ताइजुंग येथे वापरात नसलेल्या विमानतळावर सुमारे ७५ मी. लांब व ३० मी. रुंद कुंड बांधण्यात आले. त्यात निरनिराळ्या प्रकारच्या लाटा हुकमी उत्पन्न करता येत. सभोवती निळे पडदे असत. त्यांच्या जागी नंतर संगणकनिर्मित समुद्र आणि आकाश बसविले जाई. प्रत्येक दृश्य खर्चिक असल्याने सागरी भागाचा एक तासाहून अधिक लांबीचा कच्चा सचेतपट आधीच तयार करून चित्रचौकटी, नौकेची दिशा व लाटांची लय निश्चित करण्यात आली होती.

सूरज शर्मा आणि वाघ एकाच वेळी नौकेत कधीही नव्हते. प्रशिक्षित वाघांचे चित्रण मोजक्या दृश्यांत वापरले असून उर्वरित बहुतेक दृश्यांतील वाघ संगणकनिर्मित आहे. त्याची कातडी स्नायूंवरून सरकणे, ओल्या केसांचे पुंजके होणे, श्वासागणिक कूस हलणे ह्यांसाठी खऱ्या वाघांचे चित्रण समोर ठेवून काम झाले. वाघाला मानवी हावभाव मुळीच दिलेले नाहीत, ही गोष्ट तंत्राइतकीच अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वाघ मित्र वाटू लागला असता, तर त्याच्या न वळता निघून जाण्यातील वेदना उरली नसती.

दृश्यशैली : क्लाउदिओ मिरांडा ह्याच्या छायालेखनात समुद्राची दोन रूपे आढळतात. वादळाच्या प्रसंगी तो जड आणि निर्दय आहे. शांत वेळी तो आरसा होतो, आकाश त्यात उतरते आणि नौका अवकाशात तरंगत असल्यासारखी दिसते. रात्री सूक्ष्म जीवांच्या जीवदीप्तीने उजळलेल्या पाण्यातून देवमासा उसळतो. परंतु त्याच उसळीने पायची शिधासामग्री समुद्रात जाते. सौंदर्य व संकट असे एकत्र येतात. त्रिमितीचा उपयोग दचकविण्यापेक्षा अंतर जाणवून देण्यासाठी अधिक केला आहे : नौका आणि तिला बांधलेला पायचा तराफा ह्यांमधील काही हात पाणी हेच जीवनमरणाचे अंतर असते. पाखरू माशांच्या थव्याच्या प्रसंगी चित्राची उंची कमी करून वरखाली काळ्या पट्ट्या ठेवल्या आहेत. मासे त्या पट्ट्या ओलांडून उडतात व चौकट भेदल्याचा भास होतो. संगीत माइकल डॅना ह्याचे असून आरंभीचे तमिळ अंगाईगीत बॉम्बे जयश्री हिने गायिले आहे.

दोन हकीकतींचा प्रश्न : कादंबरीत दोन्ही हकीकती सारख्याच शब्दबद्ध आहेत, वाचकाने दोहोंपैकी एकही पाहिलेली नसते. चित्रपटात पहिली हकीकत प्रेक्षकाने तासाहून अधिक काळ पाहिलेली असते. दुसरीही तशीच दृश्यांतून दाखविली असती, तर तिच्या क्रौर्याने पहिली पुसली गेली असती. लीने ती दाखविलीच नाही. रुग्णालयातील फिकट खोलीत पाय पलंगावरून बोलतो आणि कॅमेरा बहुतांशी त्याच्या चेहऱ्यावर राहून हळूहळू जवळ जातो. आधीच्या वैभवशाली दृश्यांनंतर हे रितेपण तीव्रतेने जाणवते. पुराव्याचा भार मुलाच्या आवाजावर व डोळ्यांतील पाण्यावर येऊन पडतो.

ह्या मांडणीबद्दल मतभेद आहेत. जे पाहिले ते खरे वाटणारच, त्यामुळे निवड मोकळी राहत नाही आणि रम्य चित्रण मूळ कादंबरीतील रक्त, दुर्गंधी व उपासमार झाकून टाकते, असा एक आक्षेप आहे. साम्ये पात्राच्या तोंडून उलगडून सांगितल्याने गूढ कमी होते, असाही एक आक्षेप घेतला जातो. उलटपक्षी पहिल्या हकीकतीचे अतिरेकी सौंदर्य हेच तिच्याविषयी शंका उत्पन्न करते, असेही म्हणता येते. आरशासारखा समुद्र आणि उजळलेला देवमासा ही शोकग्रस्त मुलाने आपले दुःख सुसह्य व्हावे म्हणून घडविलेली चित्रे ठरू शकतात. ह्या अर्थाने चित्रपटाचे वैभव हे केवळ अलंकरण नसून पायच्या मनाचा आशय आहे. विश्वास हा पुराव्यातून निघालेला निष्कर्ष नसून जगता यावे म्हणून केलेली निवड असू शकते, हा कादंबरीचा विचार चित्रपटाने अशा रीतीने टिकवून धरला आहे. तथापि ती निवड कादंबरीत जितकी अवघड वाटते, तितकी चित्रपटात वाटत नाही, हेही मान्य करावे लागते.

पारितोषिके व परिणाम : सुमारे १२ कोटी डॉलर खर्चाच्या ह्या चित्रपटाने जगभर सुमारे ६० कोटी डॉलर मिळविले. अकरा ऑस्कर नामांकनांपैकी दिग्दर्शन, छायालेखन, दृश्यपरिणाम व संगीत ह्यांसाठीची चार पारितोषिके त्याला २०१३ मध्ये मिळाली. परंतु वाघ घडविणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ ह्या अमेरिकन संस्थेने त्याच महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली होती. मुंबई व हैदराबाद येथेही तिच्या शाखा होत्या. पारितोषिक समारंभाच्या दिवशी सभागृहाबाहेर दृश्यपरिणाम क्षेत्रातील कारागिरांनी निदर्शने केली. चित्रपटांच्या यशाचा वाटा त्यांतील प्रतिमा घडविणाऱ्यांना कितपत मिळतो, हा प्रश्न ह्यामुळे जाहीर चर्चेत आला.

लोलिता चक्रवर्ती हिने केलेले कादंबरीचे नाट्यरूपांतर २०१९ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे व पुढे लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्यात वाघ ही एक मोठी बाहुली असून तिला हलविणारे कलावंत प्रेक्षकांना दिसत असतात. तरीही २०२२ मध्ये वाघाची भूमिका करणाऱ्या सात बाहुलीकारांना साहाय्यक अभिनेत्याचे ऑलिव्हिए पारितोषिक एकत्रितपणे मिळाले. चित्रपटातील वाघ तो कृत्रिम आहे हे विसरावयास लावतो. नाटकातील वाघ तो कृत्रिम आहे हे माहीत असूनही खरा मानावा लागतो. एकाच कथेची ही दोन रूपांतरे विश्वास ठेवण्याच्या दोन भिन्न रीती दाखवितात आणि दोन्ही रीतींची मुळे मूळ कादंबरीतच आहेत.