कोलंबियातील विद्यार्थी आणि त्यांचे मत

अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांविषयी आपल्याकडे बोलणे निघते ते बहुधा तेथील इमारती, ग्रंथालये आणि देणग्या यांविषयी. विद्यार्थी तेथे राहतो कसा आणि त्याच्या मताला किंमत किती, हा प्रश्न मागेच राहतो. मेहरूणच्या श्रोत्यांपुढे आम्ही तोच घेणार आहो. त्यासाठी न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ निवडले आहे. ते १७५४ सालचे. पण १९१३ साली तेथे गेलेल्या एका विद्यार्थ्यामुळे आपल्याला ते परके राहिलेले नाही.

भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तेथे पोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. प्रथम उतरले त्या वसतिगृहातले जेवण त्यांना रुचेना. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. जेवणाची तक्रार कोणत्या वसतिगृहात नसते! पण शेजारी कोण बसला याची चौकशी तेथे नव्हती. शाळेत घरच्या गोणपाटावर वेगळे बसलेल्या मुलाला ही गोष्ट लहान नव्हे. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच पुसली गेली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. अर्थात तो काही स्वर्ग नव्हता. विद्यापीठाच्या टेकडीखालीच हार्लेम आहे, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव निराळाच होता. कोलंबिया कॉलेजात मुलींना तर १९८३ पर्यंत प्रवेश नव्हता.

विद्यार्थ्यांचे ‘स्पेक्टेटर’ हे पत्र तेथे १८७७ पासून निघत होते. तरी मत घडण्याची खरी जागा आम्हांला दिसते ती चर्चावर्गाची. तेथे विद्यार्थी व्याख्यान उतरवून घेत नाही. स्वतःचा निबंध वाचतो आणि इतर तो तपासतात. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले या थोरांच्या व्याख्यांतील उणिवा त्यांनी दाखविल्या. चौथे नाव होते श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले, आणि जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९०९ चा. जन्मावरून सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी ही केतकरांची दोन लक्षणे. ती दोन नसून एकच आहेत, असे आंबेडकरांचे म्हणणे: जातीतल्या जातीत लग्न, हेच जातीचे मूळ. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची उपपत्तीही त्यांनी तेथूनच लावली. गुरूंपुढे पंचविशीतला विद्यार्थी हे बोलत होता, आणि ते ऐकून घेतले जात होते.

हे वारे नेहमीच मोकळे वाहिले असे मात्र नाही. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि विद्यापीठाचे अध्यक्ष बटलर यांनी युद्धविरोध खपवून घेणार नाही असे बजावले. ऑक्टोबर १९१७ मध्ये कॅटेल आणि डेना या अध्यापकांना काढून टाकण्यात आले. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे. तरी या कारणावरून त्यांनी राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी निषेध केला, त्याचा उपयोग झाला नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये मात्र हार्लेमलगतच्या सार्वजनिक उद्यानात विद्यापीठ व्यायामशाळा बांधणार म्हणून विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या. पोलिसांनी सुमारे ७०० जणांना पकडले. व्यायामशाळा काही तेथे झाली नाही.

वर्गात मत ऐकले जाणे आणि बाहेर माणूस म्हणून वागविले जाणे, या दोहोंत किती अंतर असते ते आपल्या जिल्ह्यातच दिसले. १९२९ साली आंबेडकर धुळ्याकडील एका बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावी उतरले. तोवर ते बॅरिस्टर होते, लंडनचेही डॉक्टर होते. स्टेशनावरचा एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. महारवाड्यातील मंडळींना पाहुण्याने पायी यावे हे पटेना. तेव्हा त्यांनी टांगा तेवढा मागून घेतला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसविला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. वाटेत मोरीवर चाक अडकले, आंबेडकर फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.