उसन्या इंजिनाचा स्वभाव

२००७ ते २०२० या काळात भारतीय रस्त्यांवर आलेल्या लहान डिझेल मोटारींपैकी फार मोठ्या संख्येच्या मोटारींत एकाच मूळ आराखड्याचे इंजिन होते, मग त्यांच्या तोंडावरचे चिन्ह मारुती सुझुकीचे असो, टाटांचे असो वा फियाटचे. इटलीतील फियाट कंपनीने जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीशी असलेल्या भागीदारीच्या काळात विकसित केलेले आणि २००३ साली युरोपात बाजारात आलेले हे चार सिलिंडरांचे, १२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन फियाटच्या गाड्यांत ‘मल्टिजेट’, सुझुकीच्या गाड्यांत ‘डीडीआयएस’, ओपेलच्या गाड्यांत ‘सीडीटीआय’ आणि टाटांच्या गाड्यांत ‘क्वाड्राजेट’ या नावाने ओळखले गेले. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८२ मिलिमीटर ही मापे मात्र सर्वत्र तीच राहिली. असे असूनही या गाड्या चालवणाऱ्याला त्या एकसारख्या वाटत नसत, आणि त्याचे कारण शोधू गेल्यास इंजिन म्हणजे नेमके काय, या प्रश्नापाशीच यावे लागते.

स्वतः उत्तम इंजिने बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्याचे इंजिन का घ्यावे, याचे उत्तर डिझेलच्या ज्वलनपद्धतीत आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तर सिलिंडरातील हवा सुमारे सतरा-अठरा पट दाबून इतकी तापवली जाते की तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हा दाब सोसण्यासाठी इंजिनाचा सांगाडा भक्कम लागतो, इंधन फवारणारी यंत्रणा अत्यंत काटेकोर लागते, आणि ओतीव भागांचे साचे व ते भाग अचूक मापाला आणणारी यंत्रे यांवरचा खर्च इतका मोठा असतो की लाखोंच्या संख्येने इंजिने बनल्याखेरीज तो भरून निघत नाही. सुझुकीचे प्रभुत्व लहान पेट्रोल इंजिनांवर होते. त्यामुळे नव्वदच्या दशकाअखेरीस मारुतीने झेन मोटारीत फ्रान्सच्या पूजोचे डिझेल इंजिन बसवले होते, आणि पुढे फियाटकडून परवाना घेऊन १२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन हरियाणातील मानेसर येथे बनवण्यास सुरुवात झाली. ते इंजिन घेऊन २००७ च्या प्रारंभी डिझेल स्विफ्ट आली.

त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतला कारखाना उभा राहत होता, आणि तेथील इंजिने फियाटच्या लिनिया व पुंटोबरोबरच टाटांच्या इंडिका व्हिस्टा व मांझा या गाड्यांत जाऊ लागली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र सरकारी आधाराने कमी राहिले, आणि दोहोंतील तफावत वाढताच डिझेल गाड्यांची मागणी मानेसरच्या आवाक्याबाहेर गेली. तेव्हा २०१२ च्या जानेवारीत मारुतीने रांजणगावहून वर्षाला १ लाख इंजिने घेण्याचा करार केला. म्हणजे ज्या कारखान्यात टाटांची निम्मी भागीदारी होती, त्याच कारखान्याची इंजिने टाटांच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या गाड्यांत बसू लागली.

या इंजिनाच्या यशाचे मूळ ‘कॉमन रेल’ या पद्धतीत आहे, आणि तिचा पाया फियाटच्या संशोधन केंद्रात व मॅग्नेटी मारेली या तिच्या संलग्न कंपनीत घातला गेला, हे आवर्जून सांगायला हवे. कारण उत्पादनाचे हक्क पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेले आणि मूळ संशोधकांचे श्रेय सामान्य वाचकापर्यंत फारसे पोहोचलेच नाही. जुन्या पद्धतीत पंप प्रत्येक सिलिंडरासाठी वेगळा दाब निर्माण करी आणि तो दाब इंजिनाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होई. कॉमन रेलमध्ये सर्व सिलिंडरांसाठी एकच जाड नळी असते, तीत इंधन वातावरणाच्या हजार पटींहून अधिक दाबाखाली कायम तयार ठेवलेले असते, आणि विजेच्या संकेताने उघडणारे इंजेक्टर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे फवारे, हवे त्या क्षणी हवे तितकेच इंधन आत सोडतात. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत ही पद्धत प्रथम आली. मल्टिजेटने तिला पुढे नेले आणि एकाच ज्वलनासाठी इंधन पाचपर्यंत हप्त्यांत सोडण्याची सोय केली. मुख्य फवाऱ्याआधी सोडलेला इवलासा फवारा सिलिंडरातील तापमान व दाब हळूहळू चढवतो, त्यामुळे मुख्य इंधन एकदम भडकत नाही आणि डिझेलचा परिचित खडखडाट बराच मंदावतो.

फवाऱ्यांचे हे वेळापत्रक ठरवतो तो इंजिनाचा नियंत्रक संगणक, आणि त्याच्या स्मृतीत वेग, भार, तापमान अशा प्रत्येक स्थितीसाठी इंधन किती व केव्हा सोडायचे याचे तक्ते भरलेले असतात. हे तक्ते गाडीनुसार जुळवण्याच्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि उसने इंजिन आपले होते ते येथे. स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती देणारे इंजिन एसएक्स४ मध्ये ९० अश्वशक्ती देत असे, कारण तेथे टर्बोचार्जर वेगळा होता. निकास वायूच्या जोरावर फिरून सिलिंडरांत जादा हवा कोंबणारा हा पंखा साध्या रूपात ठरावीक वाटेचा असतो, तर सुधारित रूपात त्याच्याभोवतीच्या पात्यांचा कोन बदलून वाट अरुंद-रुंद करता येते आणि कमी वेगातही हवेचा दाब टिकवता येतो. याखेरीज गियरचे प्रमाण, गाडीचे वजन आणि इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवतात ते आधार यांचाही वाटा मोठा असतो. चार सिलिंडर एका ओळीत असले की दट्ट्यांच्या हालचालीतील बरेचसे बल परस्परांना छेदते, परंतु क्रँकशाफ्टच्या दुप्पट गतीने वरखाली होणारा एक कंप उरतोच; तो आसनापर्यंत किती पोहोचतो हे सांगाडा व आधार ठरवतात. जनरल मोटर्सने तर याच आराखड्यातला एक सिलिंडर वगळून ९३६ घनसेंटिमीटरचे इंजिन तयार केले आणि ते तळेगावच्या कारखान्यातून निघणाऱ्या डिझेल शेव्हरले बीटमध्ये बसवले.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या उत्सर्जन-मानकाने हे सारे गणित बदलले. डिझेल मोटारीतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली आणि काजळीच्या कणांसाठी गाळणी अपरिहार्य झाली. प्रमाणपत्र नुसत्या इंजिनाला मिळत नाही, ते गाडीसकट घ्यावे लागते. त्यामुळे गाळणी, नवे तक्ते आणि चाचण्या यांचा खर्च प्रत्येक नमुन्यावर पडणार होता, आणि स्विफ्टच्या किमतीच्या गाडीला तो पेलणारा नव्हता. मारुतीने २०१९ मध्येच डिझेल गाड्या थांबवण्याचे जाहीर केले.

महाग गाड्यांत मात्र हा खर्च सामावतो, म्हणून रांजणगावहून निघणारे फियाटचे १९५६ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन टिकून राहिले. जीप कंपासमध्ये ते १७३ अश्वशक्तीचे होते. २०१९ मध्ये ते टाटा हॅरियरमध्ये ‘क्रायोटेक’ या नावाने आले, तेव्हा १४० अश्वशक्तीचे होते, आणि २०२० मध्ये नव्या मानकासाठी फेरजुळणी होऊन त्याच हॅरियरमध्ये ते १७० अश्वशक्तीचे झाले. एमजी हेक्टरच्या डिझेल नमुन्यातही हेच इंजिन बसवले गेले.